नेटीची अकरा वाक्यं

लग्न ठरलं तेव्हा ट्रुएटने मला सांगितलं होतं, मला एकच नाद आहे, जुने सिनेमे. मला वाटलं, चला, दारू नाही, पत्ते नाहीत, देव पावला. चौतीस वर्षांनी आज मी छातीवर हात ठेवून सांगते, दारुड्याच्या बायकोला निदान बाटली तरी फोडता येते.

ट्रुएट गॅडिस, माझा नवरा, मॉर्गंटनला फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय घासायचा आणि घरी आला की काउबॉयचे सिनेमे गोळा करायचा. तेही सरसकट नव्हेत. मूकपट नुकते संपले होते आणि बोलपट नुकते रांगायला लागले होते, त्या चार-पाच वर्षांतले. त्याच्या आधीचं काही दाखवलं तर म्हणणार, हे मुकं आहे. नंतरचं दाखवलं तर म्हणणार, यात वाजंत्री घुसली. त्या मधल्या वर्षांत सिनेमावाल्यांना मागे संगीत घालायला जमत नव्हतं की परवडत नव्हतं, कोण जाणे. पण त्यामुळे त्यांत वारा वाऱ्यासारखा ऐकू येतो, असं त्याचं म्हणणं. माणूस खोगिरात हलला की चामडं करकरतं. घोडे फळ्यांच्या पुलावरून गेले की पोटात धडधड होते.

"ऑपल, हे बघ, हे मातीवर," जेवताना तो टेबलावर बोटं वाजवून दाखवायचा. "आणि हे लाकडावर. फरक कळला?"

"कळला. ग्रेव्ही सांडली."

त्याच्यासारखे आणखी शे-दोनशे वेडे आमच्या दक्षिणेकडच्या राज्यांत होते. दर जुलैत नॉक्सव्हिलच्या एका मोटेलात त्यांचा तीन दिवसांचा मेळा भरायचा. बाहेर लख्ख ऊन आणि ही मंडळी पडदे ओढून अंधारात. मोठमोठ्या टोप्या, रुंद पट्टे, टाचा वाजवणारे बूट, आणि त्यातल्या निम्म्यांनी उभ्या जन्मात गवत कापायच्या यंत्राशिवाय कशावर मांड ठोकलेली नाही. भेटले की कसा आहेस म्हणून विचारायचं नाही. "काय सापडलं?" हा यांचा रामराम.

त्या मेळ्यात ट्रुएटला मान होता तो एकाच गोष्टीमुळे. 'राइडर्स ऑफ सिंडर गॅप'. १९३१ सालचा बोलपट, सहा रिळं, नऊ दिवसांत उरकलेला. सिनेमा बाहेर पडून दोन महिने झाले नाहीत तोच तो काढणारी कंपनी बुडाली. बाकीच्या प्रती त्यातली चांदी काढून घ्यायला वितळवल्या गेल्या, म्हणे. एक तेवढी केंटकीत एका बंद पडलेल्या थिएटरच्या तळघरात मक्याच्या लाह्यांच्या यंत्राखाली राहिली, ती बासष्ट साली ट्रुएटने उचलून आणली. जगात एकच. हे 'जगात एकच' तो अशा आवाजात म्हणायचा की मला वाटायचं, माझ्याबद्दल कधी असं म्हणाला असता तर.

ती त्याने एकदाच चालवली. त्रेसष्टच्या मार्चमध्ये, आमच्या तळघरात, आठ माणसांसमोर. जुनी नायट्रेटची फिल्म ती. ठिणगी पडली तर बंदुकीच्या दारूसारखी पेटते आणि पाण्यानेही विझत नाही. मी म्हटलं, घर माझं आहे, जाळायचं असेल तर स्वतःचं शोधा. कोण ऐकतंय? मग मी वर स्वयंपाकघरात, उपयोग नाही हे माहीत असूनही, पाण्याची बादली दाराशी ठेवून हॅम घातलेली बिस्किटं भाजत बसले. खालून जमिनीतून टापा ऐकू येत होत्या, गोळ्या ऐकू येत होत्या, मधूनच आठ बाप्ये एकदम हसत होते. एकदा बाईमाणसाचं बोलणंही ऐकू आलं असेल. मी बिस्किटांकडे बघत होते.

त्या दिवशी यंत्रात दुसऱ्या रिळाच्या कडेला बारीकसा ओरखडा उठला आणि ट्रुएटने हाय खाल्ली. पुन्हा चालवायचं नाव नाही. मित्रांनी सांगितलं, प्रयोगशाळेत पाठव, साध्या फिल्मवर प्रत काढून घे, मग खुशाल बघत बस. पण प्रत निघाली की 'जगात एकच' कुठे राहिलं? तो काहीतरी कारणं सांगत राहिला आणि वर्षं गेली. जॉर्जियाचा बर्ल नावाचा एक संग्राहक होता, जिभेला हाड नसलेला. तो मेळ्यात सगळ्यांदेखत म्हणायचा, "ट्रुएटची सिंडर गॅप म्हणजे देवळाचा गाभारा. बाहेरूनच पाया पडा आणि निघा."

पंच्याहत्तर साली तिकडे कॅलिफोर्नियात काही संग्राहकांच्या घरांवर छापे पडले. सिनेमा कंपन्यांचा आहे, तुम्ही तो घरात ठेवायचा नाही, असं म्हणे. आमच्या घरी येऊन कुणी काय नेणार होतं? पण ट्रुएट घाबरला. सहाही डब्यांना त्याने तीन-तीन वेढे चिकटपट्टी लावली आणि वर मेण ओतून झाकणं पक्की बंद केली. माझ्या सासऱ्यांनी परसात डुकराचं मांस धुरी देऊन टिकवायला दगडी खोली बांधली होती, तिच्यात ते डबे पोत्याखाली ठेवले. मुरंब्याच्या बरण्यांना मी मेण लावते ते बघून त्याने ही शक्कल काढली होती. मेण वितळवून मीच दिलं. हे सांगायला हवं.

आता त्र्याऐंशीच्या मेळ्याचं सांगते.

शनिवारी रात्री जेवण झालं की या मंडळींचा एक खेळ असायचा. सिनेमातले प्रवेश तोंडपाठ म्हणायचे. एकाने नायक व्हायचं, एकाने खलनायक, कुणी शेरीफ. शब्द चुकला की सगळी पंगत चमचे आपटून त्याला खाली बसवणार. आणि नायिका आली की बाप्यानेच डोक्यावर नॅपकिन घ्यायचा, माना वेळावायच्या आणि बारीक चिरका आवाज काढायचा. जेवढा चिरका तेवढा हशा. यात ट्रुएटचा हात धरणारा कुणी नव्हता. सिंडर गॅपच्या नायिकेला सबंध सिनेमात अकरा वाक्यं आहेत. ती अकराच्या अकरा तो वीस वर्षं म्हणत आला होता, दर जुलैत. चमचे आपटायची सोयच नव्हती, कारण चूक काढणार कोण? सिनेमा दुसऱ्या कुणाकडे होता कुठे?

त्या वर्षी पाहुणे म्हणून ॲमॉस टेटम आले होते. एकोणऐंशी वर्षांचे. हे हिरोच्या जागी घोड्यावरून पडणारे गृहस्थ. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीने पडले, सगळी हाडं एकदा तरी मोडून बसली होती. सकाळपासून मंडळी त्यांना घेरून होती. अमक्या सिनेमात गाडी उलटली तेव्हा लगाम कुणाच्या हातात होता? तमक्यात पांढरा घोडा एकच होता की दोन? म्हातारा शांतपणे उत्तरं देत होता, आठवत नसलं तर नाही म्हणत होता.

रात्री ट्रुएटने नॅपकिन घेतला आणि सुरू केलं. लोक हसून हसून टेबलावर पडले. मी सवयीने माझ्या ताटाकडे बघत होते. वर पाहिलं तर ॲमॉस टेटम काठी टेकत आमच्या टेबलाकडे येत होते आणि ते हसत नव्हते.

"ही वाक्यं कुठं शिकलास, पोरा?" ट्रुएट तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता.

"सिनेमा माझ्याकडे आहे, मिस्टर ॲमॉस. सिंडर गॅप. एकच प्रत आहे जगात." ट्रुएटची छाती फुगली. "तुम्ही होतात त्यात. चौथ्या रिळात पुलावरून पडता ते तुम्हीच ना? डाव्या खांद्यावर?"

"मीच. ती बाई कोण होती, ठाऊक आहे?"

"लिला फेअर. त्यानंतर तिचं कुठं नाव नाही सापडत."

"सापडणार नाही. ते कंपनीने दिलेलं नाव होतं. नेटी तिचं नाव. नेटी टेटम."

ट्रुएटने डोक्यावरचा नॅपकिन हळूच काढला आणि तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. मी खुर्ची पुढे सरकवली तसे म्हातारबुवा बसले.

"चार वर्षांचा संसार," ते म्हणाले. "चौतीस साली छातीच्या रोगाने गेली. मी पुन्हा लग्न केलं नाही. जमलंच नाही म्हणा ना. फोटो आहेत माझ्याकडे, बिस्किटाचा डबा भरून. पण बाई, आवाज ठेवता येत नाही हो." हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. "आवाज झिजतो. आधी तिची गाणी गेली. मग भांडणं गेली. आता नुसतं एवढं उरलंय की हाक मारायच्या आधी ती घसा साफ करायची, हं असं. पुढची हाक येतच नाही."

"तुम्ही पाहिला नाही सिनेमा?" मी विचारलं.

"कुठला? पुलावरून पडलो ते बरगड्या मोडून. तिचं बोलायचं काम दुसऱ्या दिवशी झालं, मी गोठ्यात कण्हत पडलेलो. नंतर कंपनी बुडाली. तेव्हा काय वाटलं, बायको घरात आहे, बोलतेय दिवसभर, सिनेमात कशाला ऐकायची?" मग ते ट्रुएटकडे वळले. "मला एकदा ऐकव, पोरा. एकदाच."

"ऐकवतो की, मिस्टर ॲमॉस. पुढच्या वर्षी घेऊनच येतो."

"देवाची शपथ?"

"शपथ."

परतताना गाडीत मी विचारलं, पुढच्या वर्षी का? ते राहतात जोन्सबरोला, भाचीकडे. आपल्यापासून दोन तासांवर. येत्या रविवारी का नाही? ट्रुएट म्हणाला, यंत्र दुरुस्त करायला हवं, पन्नास वर्षांत फिल्म आकसते, भोकं दात्यांवर बसत नाहीत, तुला नाही कळायचं.

चौऱ्याऐंशी साली ॲमॉस टेटम मेळ्याला आले, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसले. ट्रुएट म्हणाला, मोटेलवाला नायट्रेट आत आणू देत नाही. पंच्याऐंशीत ते आलेच नाहीत, पत्र आलं. गुडघे राहिले, पण कान शाबूत आहेत, असं लिहिलं होतं. ट्रुएटने वळणदार अक्षरात उत्तर पाठवलं की तयारी चालू आहे. कसली तयारी? परसातल्या खोलीकडे तो वर्षभर फिरकलासुद्धा नव्हता.

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"धनावर बसलेला नाग आहेस तू," मी म्हटलं. "स्वतः खात नाहीस, दुसऱ्याला खाऊ देत नाहीस."

"चालवली आणि तुटली तर?"

"तुटली तर तुटली! त्याची बायको आहे ती."

"ती सहा रिळं आहेत, ऑपल. बायको त्यात सात मिनिटं आहे."

हे तो दुष्टपणाने नाही म्हणाला, हेच तर दुःख. त्याला खरोखरच तसं दिसत होतं. मी उठून निजायला गेले आणि आठवडाभर त्याला स्वतःची कॉफी स्वतः करायला लावली. त्याने काय होणार? पालथ्या घड्यावर पाणी. आता वाटतं, मीच गाडी काढून त्या म्हाताऱ्याला घरी आणायला हवं होतं. गाडी मला चालवता येत होती.

शहाऐंशीच्या सप्टेंबरात भाचीचं पत्र आलं. व्हर्डी तिचं नाव. मामाचं हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात पानगळीपर्यंत काढतील, फार तर. तो काही मागत नाही, पण तुमचं नाव काढतो. जमेल का?

ट्रुएटने पत्र दोनदा वाचलं. मग काही न बोलता बूट चढवले आणि परसात गेला. मी मागोमाग गेले. एवढं मात्र मी त्याच्या बाजूने सांगेन की त्या दिवशी त्याने मागेपुढे पाहिलं नाही. पहिल्या डब्याचं मेण सुरीने खरवडलं, पट्टी ओढली. झाकण निघेना, गंजून धरलं होतं. गुडघ्यात धरून जोर लावला तेव्हा निघालं.

आत तपकीर होती. म्हणजे तपकिरीसारखीच दिसणारी भुकटी, डब्याच्या आकारात नीट बसलेली. झाकणाच्या हिसक्याने थोडी उडाली आणि घामट मोज्यांसारखा आंबूस वास खोलीभर पसरला. दुसऱ्या डब्यात सगळं मिळून एक चिकट तपकिरी ढेप झाली होती, वर मधासारखे फुगे. तिसरा, चौथा, पाचवा, तसेच. सहाव्याच्या अगदी मध्यावर हातभर तुकडा सुटा निघाला. ट्रुएटने तो दारातल्या उजेडात धरला. माळ होता, आभाळ होतं, लांबवर एक स्वार होता. बाई नव्हती. ती दुसऱ्या आणि पाचव्या रिळात होती.

तो घरात गेला आणि त्याने बर्लला फोन लावला. मी शेजारीच उभी होते, बर्लचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मेण लावून बंद केले होतेस?" बर्लने विचारलं. "अकरा वर्षं?"

"हवा लागू नये म्हणून."

मग बर्ल म्हणाला, "अरे, नायट्रेटला हवाच लागते. तिच्यातून वाफ निघते, ती जायला वाट हवी. कोंडली की स्वतःच्याच वाफेत कुजते. उघडी टाकली असतीस फळीवर तरी राहिली असती कदाचित." एवढंच. टोमणा नाही, गाभारा नाही, काही नाही. बर्लसारख्या माणसाने टोमणा मारला नाही तेव्हा मला कळलं की आता खरंच काही उरलेलं नाही. बैल गेला नि झोपा केला म्हणतात. आम्ही तर झोपा करूनच बैल मारला होता.

ट्रुएट पत्र लिहायला बसला. मी कागद काढून घेतला. "तोंडाने सांगायचं," म्हटलं. "रविवारी. मी येते बरोबर."

रविवारी चर्च आटोपून निघालो. वाटेत डोंगरावरची झाडं पिवळी पडायला लागली होती, मी तिकडे बघायचं टाळलं. व्हर्डी दारातच उभी होती. चाळिशीची, दमलेली, एप्रन तसाच. आमच्या हातांकडे तिने पाहिलं, मागे गाडीकडे पाहिलं. यंत्र शोधत होती.

आत ॲमॉस टेटम खुर्चीत बसले होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, पाणी लावून विंचरलेले केस. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून चारी कोपऱ्यांना खिळे मारले होते. इस्त्री केलेली होती चादर. घडीसुद्धा दिसत नव्हती.

"खिडक्यांना घोंगड्या लावायला सांगितल्यात," ते म्हणाले. "आल्यावर लाव म्हटलं, उगाच आधी अंधार कशाला?"

ट्रुएट उभाच होता. त्याने सगळं सांगितलं. मेण, पट्टी, डबे, भुकटी. कारणं दिली नाहीत, यंत्राचं नाव काढलं नाही, मोटेलवाल्याचंही नाही. "माझ्या हातून मेली, मिस्टर ॲमॉस," म्हणाला. "तुम्ही मागितली तेव्हा दिली असती तर... म्हणजे तेव्हाही उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं. मी पाहिलंच नाही."

म्हातारबुवा चादरीकडे बघत राहिले. व्हर्डी आत निघून गेली.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "पण तू ऐकलं आहेस ना तिला? तू तर ऐकलं आहेस."

"हो."

"मग सांग ना. कसा होता?"

ट्रुएटने तोंड उघडलं. मला वाटलं आता सांगेल. या माणसाने वीस वर्षांपूर्वीच्या टापा टेबलावर वाजवून दाखवल्या होत्या, मातीच्या वेगळ्या आणि लाकडाच्या वेगळ्या.

"ती विहिरीपाशी उभी असते," तो म्हणाला. "मायक्रोफोन बादलीत लपवलेला होता, त्यामुळे तिचा आवाज जरा..."

"जरा काय?"

"बादलीची कडी वाजते मधूनच. आणि वारा आहे. मागे एक घोडा फुरफुरतो."

"आणि ती?"

ट्रुएटने बाहीने कपाळाचा घाम पुसला. मला कळलं त्याचं काय झालंय ते. तो आत शोधत होता, आणि तिथे जे होतं ते नॅपकिन घेतलेलं होतं. वीस वर्षं त्याने तिच्या वाक्यांवर स्वतःचा चिरका आवाज थापला होता, त्याखालचं मूळ कधीच निघून गेलं होतं. बाकी सगळं नीट जपलं होतं त्याने. कडी, वारा, घोडा.

ॲमॉस टेटम माझ्याकडे वळले. "तुम्ही, बाई?"

मी स्वयंपाकघरात होते, असं सांगायला हवं होतं. जमिनीखालून तुमच्या बायकोचा आवाज माझ्या पायांपर्यंत आला होता आणि मी बिस्किटं करपतील म्हणून बघत होते. पण त्यांच्या डोळ्यांत बघून मला ते जमलं नाही.

"गोड होता," मी म्हटलं. "फार गोड."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"गोड नव्हता हो," ते म्हणाले. "एवढं मला माहीत आहे."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तेवढ्यात ट्रुएट म्हणाला, "वाक्यं पाठ आहेत माझी. सगळी. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

"म्हण," म्हातारबुवा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

ट्रुएटने टोपी काढून हातात धरली. चर्चमध्ये उभा राहतो तसा उभा राहिला. सुरुवात करताना त्याचा गळा सवयीने वर चढायला लागला, मला ते दिसलं, आणि त्याने तो खाली दाबला. साध्या, घोगऱ्या, खुर्च्यांचे पाय घासणाऱ्या माणसाच्या आवाजात तो म्हणाला, "आधी घोड्याला पाणी दाखवा, मग तुमचं काय ते सांगा."

ॲमॉस टेटम यांचे ओठ हलले. "आधी म्हटल्यावर थांबायची ती," ते म्हणाले. "सगळ्यालाच थांबायची. आधी जेव. आधी बूट काढ. पुन्हा म्हण."

"आधी... घोड्याला पाणी दाखवा, मग तुमचं काय ते सांगा."

"हां. पुढे."

"वडील गेले म्हणून विहीर गेली असं नाही."

"पुढे."

"पुलावरून जाऊ नका. पलीकडे माणसं दबा धरून बसली आहेत."

"हे मला म्हणाली असती तर बरं झालं असतं," ते पुटपुटले, आणि आम्ही तिघंही जरासं हसलो. त्या एका क्षणाला मला आशा वाटली. खरंच वाटलं की हे जमतंय, वाक्यं आहेत, थांबणं त्यांना आठवतंय, दोघं मिळून त्या बाईला परत आणतील. ट्रुएटलाही तसंच वाटलं असणार. त्याचा आवाज स्थिर झाला, तो एकेक वाक्य सावकाश, मन लावून म्हणत गेला. चौथं, पाचवं, सहावं. मी त्याच्याकडेच बघत होते. इतक्या वर्षांत तो मला एवढा आवडला नव्हता.

आठव्या वाक्यानंतर मी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ थांबले होते. डोळे घट्ट मिटलेले, लख्ख प्रकाश आला की मिटतो तसे, आणि मान एका बाजूला कललेली. ट्रुएटला ते दिसलं नाही. त्याने नववं म्हटलं.

"तुम्ही परत याल तेव्हा मी..."

"थांब, पोरा." त्यांनी हात वर केला. "थांब. पुरे."

"दोनच राहिलीत, मिस्टर ॲमॉस."

"नको." त्यांनी डोळे उघडले आणि समोरच्या चादरीकडे पाहिलं. स्वर शांत होता. "तेवढं एक होतं ना माझ्याजवळ. हाक मारायच्या आधीचं ते घसा साफ करणं. ते शोधत होतो, म्हटलं त्याच्यामागून येईल ती. तर आता तिथेही तूच खाकरतोयस."

ट्रुएटच्या हातातून टोपी पडली. ती उचलायला कुणीच वाकलं नाही.

"तुझी चूक नाही," ॲमॉस टेटम म्हणाले. "मीच म्हण म्हटलं."

व्हर्डीने चहा आणि पीच भरून भाजलेली पाई आणली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून आम्ही खाल्लं. म्हातारबुवांनी ट्रुएटला पुलावरच्या घोड्याबद्दल काहीबाही विचारलं, त्याला बरं वाटावं म्हणून, आणि ट्रुएटने मान खाली घालून उत्तरं दिली. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पाई छान झाली होती की नाही, असं विचारलं. मागे व्हर्डी खुर्चीवर चढून चादरीचे खिळे काढत होती.

ते ऑक्टोबरच्या तेवीस तारखेला गेले. व्हर्डीने कळवलं. शेवटचे काही दिवस मामा मधूनच घसा साफ करायचा आणि कान देऊन थांबायचा, मग मान हलवायचा, असं तिने लिहिलं होतं. तिला वाटलं, कफ असेल.

पत्र मी ट्रुएटला वाचून दाखवलं नाही, टेबलावर ठेवलं. त्याने ते वाचलं हे मला कळलं, कारण त्यानंतर तो घरात जवळजवळ बोलेनासाच झाला. मीठ हवं असेल तर बोट दाखवायचा. मीही त्याला बोल म्हटलं नाही.